वरच्या वळणाची अंबाडी

कोजागिरी होऊन चार दिवस झाले होते. पुंजाजीची अंबाडी कापून, पेंढ्या बांधून बांधावर पडली होती, आणि नेमक्या त्याच सकाळी कोतवाल डफडं वाजवत गावातून फिरला. यंदापासून डोहात कोणी अंबाडी सडवायची नाही, जो सडवील त्याला पंचायत दंड करील, अशी दवंडी होती.

पुंजाजी ओसरीवर बसून कासरा वळत होता. पायाच्या अंगठ्यात अडकवलेला पीळ त्यानं तसाच धरून ठेवला आणि दवंडी पुरी ऐकली. कोतवाल पुढच्या आळीला गेला तेव्हा त्यानं घरात हाक दिली.

"आयकलं का वो? अंबाडी डोहात नाही टाकाची म्हनते."

गोजरबाई, त्याची बायको, दारात येऊन उभी राहिली. हाताला ज्वारीचं पीठ होतं. "मंग कोठी टाकाची?" ती म्हणाली.

"थे नाही सांगतलं कोतवालानं."

गावाला विहिरी चार, आणि चारही खाऱ्या. आमचा हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पाहुणा चहाचा एक घोट घेऊन कप हळूच खाली ठेवतो. गोडं पाणी म्हणाल तर फक्त नदीचं. पावसाळा सरला की धार बारीक होते, गावाजवळचा डोह तेवढा भरलेला राहतो. डोहाच्या काठच्या वाळूत हातभर उकरलं की झिरा लागतो. अख्खं गाव त्या झिऱ्यांवर जगतं. आता अंबाडीलाही तेच पाणी लागतं. खाऱ्या पाण्यात सडवली तर सालीचा वाख, म्हणजे दोर वळायचा धागा, काळा पडतो आणि वळताना तुटतो. तेव्हा माणसं आणि अंबाडी बापजाद्यांपासून एकाच डोहाचं पाणी पीत आली होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

कार्तिक लागला की डोहात पेंढ्या बुडत. आठ-दहा दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं होई, वर बुडबुडे येत, आणि मग एका सकाळी मासे तोंड वर काढून तरंगू लागत. हातानं धरावेत इतके सुस्त. त्या दिवशी गावात सण असे. बायका टोपल्या घेऊन धावत, ज्याच्या घरी वर्षभर मासळी शिजत नाही त्याच्याही घरी शिजे. याला 'अंबाडीचे मासे' म्हणत आणि नदीनं दिले म्हणून तिला हळदकुंकू वाहत. त्यानंतर पाचसहा दिवसांनी घरोघर हगवण लागे. तिला नाव होतं कार्तिकाची हवा. मासे नदीनं दिले आणि हगवण हवेनं, असा गावाचा सरळ हिशेब होता.

गेल्या कार्तिकात पुंजाजीची आठ महिन्यांची नात या हवेनंच दोन दिवसांत गेली.

दुपारी चावडीत माणसं जमली. सरपंच उकंडराव गादीवर टेकून बसले होते. त्यांची कपाशी आणि केळी, अंबाडीची एक काडी नाही. शेजारी भगवानराव आरोग्य सेवक. हा मेहकरकडचा, डोणगावचा माणूस. सायकलवरून येई, विहिरींत लाल दवा टाकी आणि कुणी चहा विचारला नाही तरी रागावत नसे. त्याच्याच मागे लागण्यानं पंचायतीनं ठराव केला होता.

"मुंबईच्या सरकारनं आता नद्यांच्या पाण्यासाठी कायदा केलाय," भगवानराव म्हणाला. "नदीत घाण सोडायची नाही."

"थो कारखान्यासाठी असन," पुंजाजी म्हणाला. "आपल्या गावात कारखाना कोठी हाय?"

"तुमची अंबाडीच की, पुंजाजीबुवा."

माणसं हसली. पुंजाजीला ते झोंबलं. वरवट बकालच्या बाजारात त्याचा दोर नावानं विकला जायचा. मोटेचा दोर घेताना 'पुंजाजीचा नाडा' म्हटलं की शेतकरी ओढूनही पाहत नसे. माणसाला कशाचा तरी गर्व लागतोच, पुंजाजीला आपल्या वाखाच्या पांढऱ्या रंगाचा होता. त्या वाखाला कुणी घाण म्हणावं हे त्याला पटणारं नव्हतं.

"मागच्या कार्तिकात या गावात एक्केचाळीस माणसं हगवणीनं पडली," भगवानराव म्हणाला. "वरच्या गावात अंबाडी नाही, तिथं तीन. तिथली माणसं काय आभाळातून पडलीत?"

"कार्तिकाची हवा लागते. माह्या आजाच्या वक्ती बी लागे."

"आजाच्या वेळी अंबाडीही होती."

सगळ्यांनी पुंजाजीकडं पाहिलं आणि लगेच नजरा वळवल्या. ते पाहणं त्याला हसण्यापेक्षा जास्त लागलं. तो उठला. "सरपंच, तुमचं काय जाते? तुमची तं कपाशी हाय," एवढं बोलून पायात जोडे सरकवून तो निघून गेला.

दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. अंबाडी बांधावर वाळत होती. कापलेली अंबाडी तीन आठवडे पाण्याविना राहिली की साल काडीला चिकटून बसते, मग ती चुलीत घालण्याच्या लायकीची. गावात अंबाडीवाली सहा घरं होती आणि सहाही पुंजाजी काय करतो ते पाहत होती.

तिसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या सुमारास त्यानं गाडी जुंपली. मुलगा शालिग्राम, गोजरबाई आणि तो, तिघं निघाली. गाडी डोहाकडं न जाता वर वळली. डोहापासून पाव कोस वर नदीला एक वळण आहे, तिथं जांभळाखाली कमरेएवढं पाणी साचतं. त्या बाजूला कुणाचं येणंजाणं नाही.

"खाली झिरे हायेत," गोजरबाई म्हणाली.

"पाव कोस खाली हायेत. वाहत्या पान्याले इटाळ नसते. अन् मधात एवढी वाळू हाय. वाळू पानी गाळते. नाहीतं आपन झिरा काऊन खनतो?"

वाळू पाणी गाळते हे तिनंच सुनेला शिकवलं होतं. झिऱ्यात आलेल्या पाण्याचा पहिला तांब्या फेकायचा, दुसरा फेकायचा, तिसरा भरायचा. ती लुगड्याचा काष्टा घट्ट करून पाण्यात उतरली. शालिग्राम पेंढ्या देत गेला, ती आणि पुंजाजी त्या आडव्या रचत गेली. वर दगड, दगडांवर वाळू. उन्हं वर येईपर्यंत पाच खेपा झाल्या. वरून पाहणाऱ्याला नदीत काही आहे असं वाटलं नसतं. गोजरबाईची बोटं पाण्यानं सुरकुतली होती आणि पायाला दगड लागून नख उचकटलं होतं. तिनं त्यावर ओली वाळू दाबली आणि गाडीत बसली.

गावात पुंजाजीनं सांगितलं की अंबाडी सोयऱ्याकडं पाठवली. कुणी जास्त विचारलं नाही.

पुढचे दिवस साधे गेले. शालिग्राम ज्वारीच्या राखणीला जाई. गोजरबाई एक दिवसाआड वळणावर जाऊन पाण्यात हात घालून एक काडी ओढून बघे, साल सुटते की नाही. सून सिंधू पाणी आणी. तिला पाचवा महिना होता. दसऱ्याच्या सुमाराला तिनं एकदा भाकरी थापता थापता हात थांबवला होता, आणि गोजरबाईनं न विचारताच ओळखलं होतं की पोर हललं. तेव्हापासून घरात दोघी बायका एकमेकींकडं पाहून हसत. पहिली लेक गेल्यावर सिंधू सहा महिने हसली नव्हती. यंदाचा कार्तिक नीट पार पडावा, एवढंच गोजरबाई देवाजवळ मागत होती.

नवव्या दिवशी सकाळी आळीत आरडाओरडा झाला. डोहात मासे वर आले होते.

गाव टोपल्या घेऊन पळालं. जो तो म्हणत होता, पाहा, अंबाडी नाही तरी नदीनं दिलेच. भगवानरावाला आता काय ते विचारा. गोजरबाईही टोपली घेऊन गेली होती. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिनं पाहिलं. हातभर मरळ तिच्या पायाशी तोंड उघडत होती, मिटत होती. पाण्याला किंचित पिवळट छटा होती. टोपली तिच्या हातात रिकामीच राहिली.

कारभारी भोई जाळं खांद्यावर टाकून काठावर उभा होता. डोहातल्या मासळीवर त्याचं पोट होतं. ही फुकटची मासळी त्याच्या जाळ्यातून जाई आणि पुढं पोळ्यापर्यंत डोह ओस पडे, पण त्याचं ऐकतो कोण.

"वैनी, मासे असे उगे नाही येत वर," तो म्हणाला. "झिंगे तं कालपासून काठाले मरून पडून राह्यले. वरून कायतरी येऊन राह्यलं पान्यात."

"काय येईन?" गोजरबाई म्हणाली.

"मले काय ठाव? तुमचं येणंजाणं असते तिकडं." तो सहज बोलला होता.

तेव्हाच तिनं बोलायला हवं होतं. काठावर पन्नास माणसं होती. पण नवऱ्याची अब्रू, दंड, सहा घरांची तोंडं, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि ती टोपली कमरेवर घेऊन घरी निघाली. घरी जाऊन नवऱ्याला सांगू, आजच पेंढ्या उपसू, कुणाला कळणार नाही, असा तिनं वाटेत विचार केला.

घरात सिंधू मोरीपाशी वाकून ओकत होती.

संध्याकाळपर्यंत ती दहा वेळा परसाकडं जाऊन आली. पुढं उठवेना. डोळे आत गेले, ओठ पांढरे पडले. गोजरबाईनं तिला मांडीवर घेतलं तेव्हा ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आत्याबाई, कालपासून हललं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटेच गाडी वरवट बकालच्या दवाखान्यात गेली. रस्ताभर गोजरबाई सुनेचं डोकं धरून बसली होती. डॉक्टरांनी दोन बाटल्या सलाईन चढवलं, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "अंगातलं पाणी गेलंय. बाई वाचेल. पोटातल्याचं आज सांगता येत नाही, ठोके नीट लागत नाहीत. थोडे दिवस वाट पाहा," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"झिऱ्याचं," शालिग्राम म्हणाला.

पुंजाजी भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली होती.

सिंधू लग्न होऊन आल्याला तीन वर्षं झाली होती, पण ती सासऱ्याशी समोरासमोर एक शब्द बोलली नव्हती. आमच्याकडं सून बोलत नाही. काही सांगायचं झालं तर सासूला सांगते किंवा भांडी वाजवते. त्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या तिनं मान वळवली.

"मामाजी," ती म्हणाली, "अंबाडी काढा."

पुंजाजीनं वर पाहिलं. "तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. चार रोजापासून झिऱ्याले वास येते. आत्याबाईच्या हाताले तोच येते." तिला धाप लागली, ती थांबली. "वास आला तरी पेली मी. घरचंच हाय, आपनच कसं बोलाव म्हनून पेली. आता नाही पेवाची."

पुंजाजी उठून बाहेर गेला. शालिग्राम त्याच्यामागं गेला तर तो गाडीच्या चाकाला धरून उभा होता. तो रडत होता. नातीला पुरून आला तेव्हाही तो रडला नव्हता.

रात्री सिंधूजवळ शालिग्रामला ठेवून नवराबायको गावी परतली. गाडीत फारसं बोलणं झालं नाही. गावची झाडं दिसू लागली तेव्हा पुंजाजी म्हणाला, "सकाळी उठून काढू. चुपचाप."

"चुपचाप नाही," गोजरबाई म्हणाली. "गाव थेच पानी पेऊन राह्यलं."

सकाळी बायका झिऱ्यावर आल्या तेव्हा ती तिथं आधीच बसली होती. घागर नव्हती, काही नव्हतं. बायका सिंधूची चौकशी करू लागल्या तशी ती उभी राहिली.

"हे पानी भरू नोका. वरच्या वळनाले आमची अंबाडी हाय. नऊ-दहा रोज झाले. आमीच टाकली."

काही क्षण कुणाला कळलंच नाही. मग रुखमाबाई पुढं आली. तिचं घर अंबाडीवाल्यांपैकी एक. ठराव पाळून तिनं आपल्या पेंढ्या बांधावर वाळू दिल्या होत्या, आणि तिचा नातू कालपासून हगवणीनं पडला होता. तिनं भरलेली घागर उचलली आणि गोजरबाईच्या पायांवर ओतली. मग रिकामी घागर घेऊन ती घराकडं चालू लागली. इतर बायकांनीही आपापलं पाणी वाळूत ओतलं. गोजरबाई ओल्या लुगड्यानं तशीच वळणाकडं गेली.

पुंजाजी पाण्यात उतरलाच होता. वाळू ओढायची, दगड बाजूला सारायचे, पेंढी मोकळी करून काठावर फेकायची. अर्ध्या सडलेल्या अंबाडीचा वास काय असतो तो ज्यानं घेतलाय त्यालाच ठाऊक. पाणी काळं झालं, दोघांच्या मांड्यांना बुळबुळीत साल चिकटली. तासाभरात काठावर माणसं जमली. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतं नाक धरलं. उकंडराव आले, त्यांच्यामागं सायकल हातात धरून भगवानराव.

"पुंजाजी, तू तं घरचा मानूस," उकंडराव हलक्या आवाजात म्हणाले. "चुकलं असन. काढून घे, ठरावाचं आपन नंतर पाहू."

पुंजाजी काही बोलायच्या आत गोजरबाई पाण्यातूनच म्हणाली, "दंड लावा, सरपंच. आमाले सोडलं तं उद्या कोनाले लावसान?"

उकंडरावांनी भगवानरावाकडं पाहिलं. "मांडा नाव," पुंजाजी म्हणाला. "पहिलं माहंच मांडा."

नाव मांडलं गेलं. तरी प्रश्न उरलाच होता. पुंजाजीच्या पेंढ्या अर्ध्या सडलेल्या. उन्हात आठवडाभर राहिल्या तर मातीमोल. आणि पाच घरांच्या बांधावर वाळत पडलेल्या वेगळ्या. माणसं काठावर घुटमळत उभी राहिली. भगवानरावानं डोक्यावरची टोपी मागं सरकवली.

"काळ्या मातीत खड्डा मारून पाणी भरलं तर पाणी टिकेल का?" त्यानं विचारलं.

"आमच्या मातीत पेरलेल्याले पानी पुरत नाही, पन खड्ड्यात टिकते," कुणीतरी म्हणालं.

"मग नदीपासून लांब खड्डा घ्या. पाणी नदीचंच भरा, पण तिथलं थेंबभर परत नदीत येता कामा नये. अंबाडी निघाली की ते पाणी वावरात सोडा. सडकं पाणी पिकाला वाईट नाही, माणसाला वाईट."

"थांबल्या पान्यात वाख मातीच्या रंगाचा होते," पुंजाजी म्हणाला. सवयीनं बोलून गेला आणि मग स्वतःच खाली पाहू लागला.

"होऊ दे मातीचा," गोजरबाई म्हणाली.

"एवढं पानी कोन वाहीन खड्ड्यात?" रुखमाबाईच्या मुलानं विचारलं, आणि सगळ्यांच्या नजरा उकंडरावांकडं गेल्या. गावात ऑइल इंजन एकट्या त्यांच्याकडं होतं. उकंडरावांनी उपरण्यानं मान पुसली. 'तुमचं काय जाते' हे चावडीतलं वाक्य त्यांना तिथं आठवलं असावं. "रॉकेल तुमी आना, इंजन नेजा," ते म्हणाले.

पुंजाजीच्या नदीकाठच्या वावराच्या वरच्या, नदीपासून लांबच्या टोकाला, धुऱ्याच्या बांधाजवळ खड्डा आखला. सहा घरांची माणसं कुदळी, टिकास, फावडी घेऊन आली. काळी माती वरून भेगाळलेली, हातभर खाली गेल्यावर लोण्यासारखी चिकट. फावड्याला धरून बसे आणि प्रत्येक घावाला ती हातानं खरवडावी लागे. बायका घमेली भरून देत होत्या. पुंजाजीशी कुणी बोलत नव्हतं, पण त्याच्या शेजारी कुदळ मारायला कुणी नाही म्हटलं नाही. दोन दिवसांत पुरुषभर खोल, दोन गाड्या उभ्या राहतील एवढा खड्डा झाला. तिसऱ्या दिवशी इंजन धडधडलं आणि पेंढ्या पाण्याखाली गेल्या.

भगवानरावानं झिरे सगळे बुजवायला लावले. नदी धुऊन निघेपर्यंत पाणी वळणाच्याही वरून आणायचं, उकळून प्यायचं. म्हणजे जायला अर्धा कोस, यायला अर्धा. गोजरबाई दोन खेपा आपल्या घरासाठी करी आणि तिसरी रुखमाबाईसाठी. तिनं सांगितलं नव्हतं की हे का करते, आणि रुखमाबाईनं विचारलं नव्हतं. घागर दारात ठेवायची, रिकामी उचलायची. पाच दिवस ती बाई दाराआडून खोकलीसुद्धा नाही. सहाव्या दिवशी रिकाम्या घागरीच्या तोंडावर फडक्यात बांधून गरम भाकरी आणि ठेचा होता. गोजरबाई ती भाकरी धुऱ्यावर बसून जेवली आणि जेवता जेवता तिला हुंदका आला. रुखमाबाईचा नातू बरा झाला होता.

दवाखान्यातून सिंधू घरी आली. ठोके अजून नीट लागत नाहीत, वाट पाहा, असंच डॉक्टर म्हणाले होते. अंगात ताकद नव्हती, पण भाकरी पचू लागली. रोज सकाळी गोजरबाई तिच्याकडं पाही आणि सिंधू मान हलवी. नाही. मग दोघी आपापल्या कामाला लागत. पुंजाजी हे ओसरीवरून पाहत असे. तो कधी विचारत नसे, पण सुनेची मान हलेपर्यंत चिलीम पेटवत नसे.

अकराव्या दिवशी खड्ड्यातली पहिली पेंढी काढली. पुंजाजीनं काडी मोडून साल ओढली. ती सुटली, अगदी बुडापर्यंत सुटली. रंग मात्र गेला होता. वाख तांबूस, वापरून जुन्या झालेल्या बारदानासारखा. सहा घरांची माणसं त्याच्या तोंडाकडं पाहत होती. त्यानं तिथंच बसून मांडीवर हातभर दोर वळला, एक टोक अंगठ्यात धरलं, दुसरं दोन्ही हातांनी मागं रेलून ओढलं. मग शालिग्रामला ओढायला लावलं. दोर कण्हला, पण तुटला नाही.

"रंग नाही," तो म्हणाला. "ताकद हाय." आणि दोर गुंडाळता गुंडाळता, "बाजारात नाव ठेवतीन लोक."

"ठेवू द्या," रुखमाबाई म्हणाली. तिनं आपली पेंढी ओढून घेतली आणि साल सोलायला बसली.

नाव ठेवलंच लोकांनी. वरवट बकालच्या बाजारात एकानं दोर हातात घेऊन विचारलं, "पुंजाजी, हा दोर मातीत वळला का बे?" पुंजाजी म्हणाला, "हाव. ओढून पाह्य." आयुष्यात पहिल्यांदा त्याला गिऱ्हाइकापुढं दोर ओढून दाखवावा लागला. त्यानं तो सकाळभर ओढून दाखवला आणि संध्याकाळी सगळा विकून आला. तळवे सोलले होते.

खड्ड्यातलं काळं पाणी वावरात सोडलं तेव्हा कारभारी मुद्दाम पाहायला आला. ते जमिनीत पुरं मुरेपर्यंत तो थांबला. मग नदीवर जाऊन आला आणि सांगत सुटला की डोहाच्या काठाला झिंगे पुन्हा दिसले. गाळात मरळीची पिल्लंही असावीत, त्याला भोवरे दिसले होते. गावातली काही माणसं अजून मासे फुकट गेले म्हणून हळहळत होती. त्यांना तो म्हणाला, "जाळं घेऊन या, मी शिकवतो."

भगवानरावानं पाणी बाटलीत भरून उजेडात धरून पाहिलं आणि झिरे उकरायला हरकत नाही म्हणाला. त्या सकाळी सिंधू घागर घेऊन उठली.

"तू नोको जाऊ," गोजरबाई म्हणाली. "मी आनतो."

"मले जाऊ द्या, आत्याबाई."

मग दोघीही गेल्या. थंडी पडू लागली होती, नदीवर पांढरा धूर होता. सिंधूनं वाळूत बसून करवंटीनं झिरा उकरला. गढूळ पाणी वर आलं, तिनं ते उपसून फेकलं. पुन्हा आलं, पुन्हा फेकलं. तिसऱ्यांदा हळूहळू पाणी भरत आलं तेव्हा तिनं वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला. गोजरबाई तिच्या मागं उभी होती.

"घरी नेऊन उकळू आधी," ती म्हणाली.

सिंधूनं करवंटी भरली होती. तिनं तळ पाहिला. वाळूचा कण न् कण दिसत होता. एका दमात ती ते गार पाणी प्यायली. हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला. तिनं करवंटी खाली ठेवली, आणि ठेवता ठेवता तिचा हात मध्येच थांबला. तो पोटाकडं गेला. चेहरा असा झाला की गोजरबाईला वाटलं कळ आली, ती घाईनं खाली बसली.

"काय झालं माय?"

सिंधूनं सासूचा हात ओढून आपल्या कुशीवर ठेवला. तो हात फाटलेला, काळपट, अजून अंबाडीचा वास येणारा. आणि लुगड्याखालून, आतून, कुणीतरी लाथ मारली.

डोळ्यांतलं पाणी पुसायलाही गोजरबाईनं तो हात तिथून काढला नाही. दुसऱ्या हातानं तिनं करवंटी झिऱ्यात बुडवली, भरली आणि सुनेच्या तोंडाशी नेली.

"अजून घोटभर पे," ती म्हणाली.